खान्देशातून जर्मनीला शिकायला: व्हिसाची फाइल घरापासून कशी बांधायची

यावल तालुक्यातल्या एका गावातून गेल्या वर्षी एक वडील मला भेटायला आले. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. घरी चार एकर केळी, थोडा कापूस. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, व्हिसा मिळेल ना?" मी मुलाचा पासपोर्ट मागितला, तर तो काढलेलाच नव्हता. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. व्हिसा फार पुढची गोष्ट होती, काम घरच्या कपाटातल्या कागदांपासून सुरू करायचं होतं.

बरीच वर्षं विद्यार्थ्यांना या कामात मदत करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मुंबईच्या वकिलातीत जो निर्णय होतो, त्याचा बराचसा भाग त्याआधी वर्ष-दीड वर्ष जळगाव, धुळे, नंदुरबारात ठरलेला असतो: तहसील कचेरीत, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, बँकेच्या शाखेत. एक कागद दुसऱ्यावर अवलंबून असतो आणि तो दुसरा तिसऱ्यावर. क्रम चुकला की एक सत्र वाया जातं. म्हणून इथे मी तो क्रम सांगतो आहे.

जर्मनी निवडण्याचं कारण साधं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सत्राला काहीशे युरोपर्यंतचं वर्गणीवजा शुल्क भरावं लागतं. दोन अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे, मास्टर्सला ती सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. हा लेख पदवीनंतर मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जाण्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यांची सरमिसळ इथे करत नाही.

आधी नाव, मग बाकी सगळं

महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. जर्मनीतल्या सगळ्या अर्जांतही हे दोन रकाने वेगळेच असतात. कुणी वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडतं, कुणी सोडून देतं, आणि घोळ तिथे सुरू होतो. आपल्याकडे चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं: शेवटी 'आय' की 'वाय', मध्ये 'ए-यू' की 'ओ-यू'. भावाभावांची स्पेलिंगं वेगळी असलेली घरं मी पाहिली आहेत.

दहावीचं मार्कशीट हा आधार धरा. पासपोर्ट, आधार, पॅन, बँक खातं, सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. दहावीच्याच कागदावर चूक असेल तर आधी बोर्डाकडून दुरुस्ती. नाव खरोखर बदललं असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये ठेवा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर सगळीकडे भागत नाही.

पासपोर्टसाठी आता मुंबई-नाशिकला जायलाच हवं असं नाही, जळगाव आणि धुळ्यात टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये. पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही पुण्यात खोली करून राहत असाल तर पत्त्याचा गोंधळ होतो. म्हणून सध्या खरंच जिथे राहता तोच पत्ता अर्जात द्या. हे काम तिसऱ्या वर्षातच उरकून टाका.

पदवीचे कागद: तुमचं विद्यापीठ कोणतं?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण खान्देशात तो विचारावाच लागतो. अनेक वर्षं इथली बहुतेक महाविद्यालयं बांभोरीच्या विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न होती. अलीकडे अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली, काही स्वायत्त झाली. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे तिथूनच काढायचं. गिरणेच्या काठी बांभोरीला जायचं की रायगड जिल्ह्यात लोणेरेला, हे आधी बघा आणि मगच गाडीत बसा.

एकाच फेरीत हे सगळं मागा: सर्व सत्रांची ट्रान्सक्रिप्ट (सीलबंद प्रती किमान पाच), तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र, आणि गुणांकन पद्धतीचं स्पष्टीकरण. त्यात किमान उत्तीर्ण श्रेणी किती हे लिहिलेलं असलंच पाहिजे. याचं कारण पुढे येतं. अभ्यासक्रमाची पुस्तिकाही पीडीएफमध्ये मिळवून ठेवा. जर्मन विद्यापीठं गणिताचे किती श्रेयांक झाले, मटेरियल्सचे किती, असं विषयवार मोजतात.

तुमचे गुण जर्मन पद्धतीत किती होतात ते स्वतः काढता येतं. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांनी भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) आणि उत्तीर्ण श्रेणी ४ असेल तर उत्तर २.० येतं. सीजीपीए ७ असेल तर २.५. बऱ्याच अभ्यासक्रमांची दारं २.५ च्या आसपास बंद होतात. आता बघा, किमान उत्तीर्ण श्रेणी ५ धरली गेली तर तोच सीजीपीए ७ चा विद्यार्थी २.८ वर जातो. गुणांकनाच्या त्या एका ओळीवर प्रवेश अडू शकतो.

केटी लागली असेल, म्हणजे विषय राहिला असेल, तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर ती दिसतेच. दुसऱ्या वर्षात वडील आजारी होते, दोन विषय राहिले, पुढच्या सत्रात काढले, एवढं सरळ लिहिलेलं चालतं.

एपीएस: हा दगड ओलांडल्याशिवाय पुढे वाट नाही

१ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत याची ती पडताळणी असते आणि दिल्लीतलं एपीएस कार्यालय ती करतं. फी १८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन भरायचा, दहावीपासूनची सगळी मार्कशीटं, पदवी, पासपोर्ट जोडायचे. आता बरीच विद्यापीठं व्हिसाच्या आधी, प्रवेशाच्या अर्जालाच हे प्रमाणपत्र मागतात. म्हणून ते 'नंतर बघू' या खात्यात टाकू नका.

इथे दिवसांचा हिशोब कच्चा ठेवला तर फटका बसतो. एका विद्यार्थिनीचं शेवटच्या सत्राचं मार्कशीट उशिरा आलं, एपीएसची फाइल अपुरी राहिली, तोवर विद्यापीठाची मुदत गेली. मुलगी हुशार, सीजीपीए साडेआठ. एक वर्ष तिने जळगावच्या एमआयडीसीत नोकरी केली आणि पुढच्या खेपेला गेली. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी एपीएसच्या संकेतस्थळावर आपल्या गटासाठी कोणते कागद चालतात ते आधीच वाचून घ्यावं.

विद्यापीठं निवडणं आणि अर्ज

जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे डाड, हिच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमातले अभ्यासक्रम शोधता येतात, तेही फुकट. त्यासाठी कुणाला पैसे देण्याची गरज नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का हे अनाबिन नावाच्या सरकारी यादीत पाहायचं. नावापुढे 'एच प्लस' असेल तर मान्यता आहे.

एजंटांबद्दल मनापासून सांगतो. सगळे वाईट नसतात. पण अनेकांचं उत्पन्न खासगी विद्यापीठांकडून येणाऱ्या कमिशनवर चालतं, त्यामुळे ते तुम्हाला तिकडेच वळवतात. फी नसलेला देश म्हणून निघालेला मुलगा वर्षाला दहा-बारा हजार युरो फी भरणाऱ्या कॉलेजात जाऊन पडतो आणि घरच्यांना ते कर्जाच्या अर्जाच्या वेळी कळतं. एजंट घेतलाच तर एक अट पाळा: प्रत्येक अर्जावर ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा हवा, पासवर्ड तुमच्याकडे हवा. व्हिसाची खात्री देतो म्हणणाऱ्याकडून उठून या. ती खात्री कुणीच देऊ शकत नाही.

अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्टमार्फत जातात, ही विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासणारी संस्था आहे. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पाच ठिकाणी अर्ज केला तर १९५ युरो. ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै सांगितली जाते, पण इंग्रजी अभ्यासक्रमांत परदेशी विद्यार्थ्यांची मुदत बरेचदा मार्च ते मेमध्येच संपते. १५ जुलैवर विसंबून राहणाऱ्यांची दरवर्षी फसगत होते.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ हा नेहमीचा आकडा. आपल्या मुलांचं वाचन-लेखन बरं असतं, बोलताना अडखळतात. कोचिंगपेक्षा रोज अर्धा तास मोठ्याने बोलण्याचा सराव उपयोगी पडतो, मग ऐकायला घरात कुणी असो वा नसो. आणि शिकवणी इंग्रजीत असली तरी जर्मन भाषा ए-१, ए-२ या सुरुवातीच्या पातळ्यांपर्यंत शिकून जा. खोली, डॉक्टर, अर्धवेळ काम, सगळं जर्मनमध्येच अडतं.

पैशाचं: बारा लाख एका खात्यात

आता या सगळ्यातली सगळ्यात जड पायरी. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ युरो. युरो शंभर रुपयांना धरला तरी बारा लाख होतात. हे पैसे 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाच्या खात्यात भरायचे. ते तुमचेच असतात, पण तिथे पोचल्यावर महिन्याला ठरावीक हप्त्यानेच मिळतात. खातं एक्सपाट्रिओ, फिन्टिबा, कोराकल अशा कंपन्यांकडे ऑनलाइन उघडता येतं.

हे बारा लाख आणायचे कुठून? आणि इथे शेतकरी घराला एक धक्का बसतो. बापाच्या नावावर दहा एकर बागायती, बाजारभावाने कोटीची जमीन, आणि बँक म्हणते तारण चालत नाही. यामागे कायदा आहे. थकीत कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. सातबारा घेऊन मॅनेजरशी हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका.

चालतं काय? बिनशेती प्लॉट, मंजूर नकाशा असलेलं शहरातलं घर, मुदत ठेव. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असेल तर बहुतेक शाखा मागे सरतात, मिळकत पत्रिका असेल तर बोलणं सुरू होऊ शकतं. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात मामा-काकाचा प्लॉट असेल तर जामीनदार म्हणून ते चालतील का हे बँकेला विचारा. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यात महिनाभर सहज जातो. छोटी रक्कम हवी असेल तर चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची हमी योजना आहे. उरलेली रक्कम बचतीतून घालता येते.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. शेती उत्पन्नावर आयकर नाही म्हणून बहुतेक घरांत विवरणपत्र भरलेलंच नसतं, आणि बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. मुलगा दुसऱ्या वर्षाला असतानाच ती भरायला सुरुवात करा, शेती उत्पन्न दाखवून. केळीच्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या, कापूस विक्रीच्या पावत्या जपून ठेवा आणि व्यापाऱ्याला सांगा, पैसे खात्यात टाक. रोखीने आलेला पैसा कितीही कष्टाचा असला तरी बँकेच्या कागदावर तो दिसत नाही.

पैसे जिल्हा सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतील तर ते परकीय चलनाचं काम करणाऱ्या राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत आधीच हलवा. तालुक्याच्या शाखेत हे काम सहसा होत नाही, जिल्ह्याच्या मोठ्या शाखेत जावं लागतं. पाठवणाऱ्याचं पॅन कार्ड लागतं. आणि एक फायद्याची गोष्ट: १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर स्रोतावर कर घेतला जात नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर गेलात की तो कापला जातो आणि पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कर्जाच्या व्याजावर, जुन्या करपद्धतीत, आठ वर्षांपर्यंत आयकरात सवलत आहे.

वावर विकण्याची घाई मात्र कुणी करू नये, हे मी प्रत्येक नाना-आप्पांना सांगतो. कर्ज, बचत, शिष्यवृत्ती हे तिन्ही मार्ग संपल्याशिवाय नाही.

शिष्यवृत्त्यांकडे आपल्याकडे फार कमी लोक वळतात. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे. नंदुरबार, शहादा, अक्कलकुवा, धडगावच्या भिल्ल, पावरा मुलामुलींनी हे आवर्जून वाचावं. शिष्यवृत्तीच्या मंजुरीचं पत्र व्हिसाला पैशाचा पुरावा म्हणून वापरता येतं, पण त्यात किती रक्कम, किती काळ, हे स्पष्ट हवं. अटी आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची मर्यादा दर वर्षीच्या जाहिरातीत बघा. जातवैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते हातात असू द्या.

व्हिसाचा अर्ज

प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा. २०२५ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद अपलोड करायचे, तपासणी झाली की बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी प्रत्यक्ष जायचं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. फी ७५ युरो, भरायची रुपयांत.

फाइलमध्ये काय काय: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, प्रवासी आरोग्य विमा, आयईएलटीएस, सगळी मार्कशीटं, सीव्ही आणि हेतूपत्र. अपलोड करताना एकेक पान नीट स्कॅन करा. मोबाइलवर उजेडाचा डाग पडलेला फोटो पाठवून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

हेतूपत्रावर थोडं थांबतो, कारण आपली मुलं तिथेच कमी पडतात. इंटरनेटवरून उचललेल्या पत्रात जर्मनी तंत्रज्ञानात कशी आघाडीवर आहे यावर दोन परिच्छेद असतात. ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते माहीत असतं. त्याला हे हवं असतं: हाच विषय का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा धागा काय, आणि पुढे काय करणार. तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया बनतात. तिथे इंटर्नशिप केलेल्या मुलाने पॉलिमर प्रक्रिया का शिकायची आहे हे चार वाक्यांत लिहिलं तर ते खरं वाटतं, कारण ते खरंच असतं. काढणीनंतर केळीची नासाडी डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला फूड टेक्नॉलॉजी का, हे कुणाकडून लिहून घ्यावं लागत नाही. आधी मराठीत लिहा, मनातलं सगळं. मग इंग्रजीत आणा. एक ते दीड पान पुरे. शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर त्या काळात काय केलं ते त्यातच सांगा.

भेटीच्या दिवसासाठी रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरून सकाळी सीएसएमटीला उतरता येतं. पण पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात, आणि ही भेट बरेचदा जून ते ऑगस्टमध्येच येते. एक दिवस आधी मुंबई गाठा. मूळ कागद आणि छायाप्रतींचे दोन संच सोबत हवेत. खिडकीवरची व्हीएफएस या कंत्राटी कंपनीची माणसं निर्णय घेत नाहीत, ती फक्त कागद घेतात. तरीही ती विचारतील त्याला नीट उत्तर द्या. कधी वकिलातीतून फोन येतो किंवा आणखी कागद मागवले जातात, म्हणून ईमेल रोज बघा. निर्णयाला काही आठवडे लागतात, गर्दीच्या काळात दोन-तीन महिनेही. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका.

नकार आला तर

पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता दोनच वाटा: नवीन अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. विद्यार्थ्याला परवडते ती पहिली. नकाराच्या पत्रातलं कारण शब्दशः वाचा आणि नेमकी तीच उणीव भरून काढा. तीच फाइल पुन्हा पाठवू नका. विद्यापीठाला लगेच ईमेल करून प्रवेश पुढच्या सत्रात नेता येतो का ते विचारा. आणि घरच्यांनी या दिवसांत मुलाला बोल लावू नये. फाइल पुन्हा बांधायला त्याच्या अंगात बळ राहिलं पाहिजे.

व्हिसा आल्यावर

पासपोर्ट हातात पडला की त्याच जागी तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत. हा व्हिसा साधारण तीन ते सहा महिन्यांचा, प्रवेशापुरता असतो. शिकण्याचा खरा निवास परवाना तिथे गेल्यावर मिळतो. खोली मिळाली की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद त्यासाठी लागतो, म्हणून पत्ता नोंदवू न देणारी स्वस्त खोली घेऊ नका. मग आरोग्य विमा, बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं, आणि परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज. या कार्यालयाच्या भेटीच्या तारखा मोठ्या शहरांत फार उशिराच्या मिळतात, म्हणून पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच ईमेल करा आणि तो जपून ठेवा.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यातून खाण्यापिण्याचा खर्च निघतो. कर्जाचा हप्ता त्यातून जाईल असं गृहीत धरून घरचा हिशोब मांडू नका. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो.

मूळ मार्कशीटं, एपीएस, प्रवेशपत्र आणि विम्याचा कागद सामानाच्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. स्कॅन केलेला एक संच बहिणीच्या किंवा भावाच्या ईमेलवर पाठवून ठेवा. म्हणजे तिथून मध्यरात्री एखादा कागद लागला तर आई-वडिलांना कपाट उघडून शोधत बसावं लागणार नाही.